एका पॅनेलमधून अनेक सीडीएन : खाती कोणाच्या नावावर आहेत ते आधी पाहा

तुमचा प्रश्न वाचला. दोन सीडीएन (पानांच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवून वाचकांना देणाऱ्या सेवा) एका मध्यस्थ कंपनीच्या पॅनेलमधून चालवता, पर्ज केल्यावर (साठवलेली जुनी प्रत काढून टाकल्यावर) पॅनेल 'यशस्वी' म्हणते, तरी काही वाचकांना जुनेच पान दिसते. मध्यस्थ म्हणतो सीडीएनला विचारा आणि सीडीएन म्हणते तुम्ही आमचे ग्राहकच नाही. कोल्हापुरातून चालणाऱ्या एका बातम्यांच्या संकेतस्थळाची तांत्रिक बाजू सांभाळताना मी याच फेऱ्यातून गेलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो. डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी यंत्रणा), कॅशे (पानांच्या प्रतींचा तात्पुरता साठा), ओरिजिन (संकेतस्थळाचा मूळ सर्व्हर) या गोष्टी तुम्हाला ठाऊक आहेत असे धरले आहे. माझा कोणत्याही पुरवठादाराशी व्यावसायिक संबंध नाही, आणि करारांविषयी जे लिहिले आहे ते वकिलाचे मत नव्हे.

आमच्याकडे हे दुखणे पावसाळ्यात उघड झाले. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पाणी या दोन आकड्यांच्या मध्ये असते तेव्हा वाचकांना दुसऱ्या कोणत्याही बातमीत रस नसतो, पातळीचे पान मात्र ते पुन्हापुन्हा उघडतात. ताराबाई पार्कातील कार्यालयात आम्हाला ताजा आकडा दिसत होता आणि त्याच वेळी शिरोळमधून फोन येत होते की तुमचे पान सकाळचेच आहे. डीएनएस वाहतूक, म्हणजे वाचकांच्या विनंत्या, दोन सीडीएनमध्ये वाटून देत होता. आम्ही एकावर होतो आणि ते वाचक दुसऱ्यावर. पॅनेलवर दोन्हींसमोर हिरवी खूण होती.

ही हिरवी खूण नेमके काय सांगते ते मध्यस्थाकडून लेखी घ्या. बहुतेक वेळा तिचा अर्थ 'एपीआयने (एका प्रणालीने दुसरीला आज्ञा देण्याच्या सोयीने) विनंती स्वीकारली' एवढाच असतो. पान खरोखर निघून गेले की नाही याची तपासणी त्यात नसते. शिवाय प्रत्येक सीडीएनची पर्जची रीत वेगळी आहे. फास्टली 'सरोगेट-की' हे हेडर (पानासोबत जाणारी तांत्रिक नोंद) वाचते आणि त्यातील टॅग (पानांना लावलेल्या खुणेची नावे) मोकळ्या जागेने वेगळे करते. क्लाउडफ्लेअर 'कॅशे-टॅग' वाचते आणि तेथे स्वल्पविराम लागतो. अकामाईचे हेडर 'एज-कॅशे-टॅग' या तिसऱ्याच नावाचे आहे. आमच्या मध्यस्थाचे पॅनेल सगळ्यांना एकाच साच्यातील टॅग पाठवीत होते. एका सीडीएनला ते समजत होते, दुसऱ्याला समजत नव्हते, पण ज्या टॅगचे एकही पान साठ्यात नाही तो पर्ज करण्याची विनंतीही बिनतक्रार स्वीकारली जाते.

हे कारण आम्हाला मदतकक्षाने सांगितले असते तर मी हे उत्तर लिहायला बसलो नसतो. प्रत्येक वेळी नवा माणूस उत्तर द्यायचा, पुन्हा तेच स्क्रीनशॉट मागायचा आणि 'आमच्या बाजूने सर्व सुरळीत आहे' असे लिहून तक्रार बंद करायचा. मूळ लॉग मागितले तेव्हा ते वरच्या दराच्या योजनेत मिळतात असे कळले. म्हणजे बिघाड त्यांच्या पॅनेलमध्ये, आणि तो शोधण्याचे साधन विकत घ्यायचे आम्ही! थेट सीडीएनला लिहिले तर, खाते मध्यस्थाच्या नावावर असल्यामुळे तुमच्याशी बोलता येत नाही, असे सभ्य उत्तर आले, आणि नियमाने ते बरोबरच होते. शेवटी कर्ल या पाने मागवणाऱ्या साधनाच्या 'रिझॉल्व्ह' (कोणत्या सर्व्हरला विचारायचे ते ठरवणाऱ्या) पर्यायाने प्रत्येक सीडीएनला स्वतंत्रपणे तेच पान मागितले आणि पानाचे वय सेकंदांत सांगणारे 'एज' (Age) हेडर पाहिले. पर्जनंतरही एकीकडे वय वाढतच होते. तुम्हीही तक्रारीसोबत स्क्रीनशॉटऐवजी हाच पुरावा जोडा.

खरी किंमत मोजावी लागली ती सोडून जाताना. पुनर्निर्देशनाचे नियम, सर्टिफिकेट (संकेतस्थळाची ओळख पटवणारे, ठरावीक मुदतीचे डिजिटल प्रमाणपत्र), व्हिडिओच्या सहीयुक्त दुव्यांच्या किल्ल्या हे सर्व मध्यस्थाच्या मुख्य खात्यात होते आणि ते बाहेर काढून देण्याची तरतूद करारात नव्हती. नियम आम्ही स्मरणाने आणि चाचण्यांनी पुन्हा लिहिले. सूचना-कालावधी संपेपर्यंत जुने आणि नवे अशी दोन्ही बिले भरली.

म्हणून माझे ठाम मत असे की प्रत्येक सीडीएनचे खाते तुमच्या संस्थेच्या नावावर असावे आणि पॅनेलला मर्यादित अधिकारांची, केव्हाही रद्द करता येणारी एपीआय-की तेवढी द्यावी. मध्यस्थ अनेक ग्राहकांची वाहतूक एकत्र दाखवून स्वस्त दर मिळवतो, त्यामुळे तो याला नकार देईल. लहान संस्थेला तो दर सोडवणार नाही हेही मला मान्य आहे. मग निदान मूळ लॉग, संपूर्ण कॉन्फिगरेशनची प्रत आणि सीडीएनकडे थेट तक्रार करण्याची परवानगी या तीन गोष्टी करारात घालून घ्या.

डीएनएस मात्र कोणत्याही दराच्या मोहाने त्याच पॅनेलमध्ये ठेवू नका, आणि शक्यतो यांपैकी एखाद्या सीडीएनकडेही ठेवू नका. २ नोव्हेंबर २०२३ रोजी एका डेटा सेंटरची वीज गेल्यामुळे क्लाउडफ्लेअरचा डॅशबोर्ड आणि एपीआय कोलमडले. वाहतूक बहुतांशी चालू होती, पण सेटिंग बदलता येत नव्हते. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी तर वाहतूकच अडली आणि ज्यांना दुसरीकडे वळायचे होते त्यांतील अनेकांना डॅशबोर्डमध्ये शिरताही येईना. अशा वेळी डीएनएस स्वतंत्र ठिकाणी असेल आणि टीटीएल (डीएनएसचे उत्तर किती वेळ जपून ठेवायचे ती मुदत) काही मिनिटांचा असेल, तर पॅनेल बंद असूनही वाट बदलता येते. पुरवठादार कायमचा बंद पडण्याचीही तयारी हवी : एजिओ या सीडीएन कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला आणि १५ जानेवारी २०२५ रोजी तिचे जाळे बंद झाले.

सर्टिफिकेटबद्दल थोडक्यात. दोन्ही सीडीएनना आपापले सर्टिफिकेट आपोआप नूतनीकरण करायचे असते, पण पडताळणीची 'ॲक्मे-चॅलेंज' ही डीएनएसमधील नोंद सीनेमने (एक नाव दुसऱ्या नावाकडे वळवणाऱ्या नोंदीने) एकाच्याच हवाली करता येते. दुसऱ्याचे नूतनीकरण मग गुपचूप फसते. सर्टिफिकेट स्वतः काढून एपीआयने दोन्हीकडे चढवणे मला अधिक सुरक्षित वाटते. सर्टिफिकेटची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ मध्ये त्याच तारखेपासून १०० आणि २०२९ पासून ४७ दिवस असल्यामुळे हाताने करण्याची सवय ठेवू नका.

थोडे विषयाला धरूनच, पण न विचारलेले : तुम्हाला दोन सीडीएन सतत चालू ठेवण्याची गरज आहे का? प्रत्येकाचा कॅशे वेगळा भरतो, ओरिजिनवर भार वाढतो, आणि वाहतूक विभागल्यामुळे घासाघीस करून दर उतरवण्याची ताकद कमी होते. तुमच्या आकाराच्या संकेतस्थळाला एक मुख्य आणि एक नियमित तपासलेला राखीव सीडीएन पुरेसा ठरेल, असा माझा अंदाज आहे. थेट प्रक्षेपण असेल तर गणित बदलते. दोघांचे नियम टेराफॉर्ममध्ये (सेटिंग फायलींत लिहून आपोआप लागू करणाऱ्या साधनात) लिहून ठेवले तर पॅनेलचे निम्मे काम तेथेच होते. आणि सतत बदलणाऱ्या पानांसाठी पर्जवर विसंबूच नका : 'एस-मॅक्सएज' (सीडीएनने प्रत किती वेळ ताजी मानावी ती मुदत) ६० सेकंद ठेवा. आम्ही पातळीच्या पानाला तेच केले आणि शिरोळचे फोन थांबले.

तुमचा डीएनएस सध्या कोणाकडे आहे आणि करारातील सूचना-कालावधी किती आहे हे लिहिलेत, तर आधी काय हलवावे ते सांगता येईल. मध्यस्थाला सोडण्याची नोटीस त्याआधी देऊ नका.