वेड सांगितलं, बाबा राहिले

समुपदेशनाच्या पहिल्याच व्हिडिओ कॉलला तिने मला तिची ऑफिसची बॅग दाखवली. बाहेरून साधी, काळी, टोकियोच्या लोकलमध्ये कुणाच्याही खांद्यावर दिसेल अशी. मग चेन उघडून तिने आतलं अस्तर कॅमेऱ्याकडे वळवलं. एकाच कॉमिक पात्राचे सतरा बिल्ले, ओळीने लावलेले, प्रत्येकावर पारदर्शक प्लास्टिकची टोपी. "ताई, इथे लोक हे बाहेर लावून फिरतात. मी आतून लावते. लिफ्टमध्ये बॅग उघडायची वेळ आली तर आधी भिंतीकडे तोंड करते."

वय 29, घर कोथरूडचं. पुण्यातच जपानी शिकली, परीक्षा दिल्या आणि टोकियोत सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागली. राहायला निशिकासाईला, म्हणजे आपल्या लोकांचीच वस्ती. खाली उतरलं की तूरडाळ मिळते. आमच्या भेटी रविवारी, माझ्याकडे संध्याकाळचे सहा वाजलेले असत, तिच्याकडे साडेनऊ. हे सगळं तिच्या परवानगीने लिहिते आहे आणि ओळख पटेल ते तपशील बदलले आहेत.

तिचा प्रश्न वरवर नेहमीचा. अॅनिमे म्हणजे जपानी कार्टूनपट, गेम्स, कॉमिक्स यांचं वेड असलेली, कमावती, तिशीकडे आलेली मुलंमुली मला हेच विचारतात: हे सांगायचं कधी, आणि सांगितल्यावर समोरचा हसला तर? ही तर एकदा पोळलेली होती. घरच्यांनी आणलेल्या एका स्थळाने तिच्या खोलीतलं कपाट बघून "एवढ्या वयात कार्टून?" असं म्हणून पुढचं बोलणंच थांबवलं होतं. तेव्हापासून सोमवारी ऑफिसात कुणी सुट्टी कशी गेली विचारलं की उत्तर ठरलेलं: झोप काढली.

जपानमध्ये तरी लपवायची काय गरज, असं मला वाटलं होतं. माझं अज्ञान. अशा वेड्या चाहत्यांना तिकडे 'ओताकू' म्हणतात. हा शब्दच मुळात 'आपलं घर', म्हणजे 'आपण' असं आदरार्थी संबोधन. एकमेकांना असं दूरस्थ हाक मारणाऱ्या चाहत्यांची खिल्ली उडवायला 1983 मध्ये एका मासिकातल्या लेखाने तो शब्द वापरला. 1989 मध्ये लहान मुलींच्या खुनांबद्दल पकडलेल्या माणसाच्या खोलीत हजारो व्हिडिओ कॅसेट सापडल्या आणि या शब्दावर कायमचा डाग पडला. आता तो बराच पुसट झाला आहे, तरी ऑफिसच्या टेबलावर असले बिल्ले कोण कशाला ठेवेल? अशा लपून राहणाऱ्या चाहत्यांना तिकडे 'काकुरे ओताकू' म्हणतात. 'काकुरे' म्हणजे लपलेले; जपानमधल्या बंदीच्या काळात लपून धर्म पाळणाऱ्या ख्रिश्चनांना लावलेलं 'काकुरे' तेच.

दुसऱ्या भेटीत 'तो' आला. त्याच कंपनीतला, दुसऱ्या विभागातला जपानी मुलगा. इकेबुकुरोतल्या ओतोमे रोडवर, मुलींच्या आवडीच्या कॉमिक्सची दुकानं आहेत तिथे, बहिणीसाठी काहीतरी घ्यायला आलेला. ही हातात पिशव्या घेऊन समोर. त्याने बिल्ले बघितले आणि म्हणाला, "दुकानातला बारा नंबर मिळाला नाही ना? माझ्याकडे जास्तीचा आहे." आठ महिने झाले होते या गोष्टीला. रोज गेम एकत्र, रोज मेसेज. पण हे प्रेम आहे की मैत्री, कुणीच बोललेलं नाही. तिकडे नातं सुरू होतं ते 'कोकुहाकु'ने, म्हणजे समोरासमोर उभं राहून "माझ्याबरोबर राहशील का" असं सरळ विचारल्यावर. ते झालं नव्हतं.

"ताई, माझी केस आधीच कुणीतरी लिहून ठेवलीय," असं म्हणून तिने मला 'वोताकोई' वाचायला सांगितलं. फुजिता यांची ही मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, 2014 मध्ये पिक्सिव्ह या संकेतस्थळावर सुरू झाली, मग पुस्तकरूपात आली, 2018 मध्ये तिचा अॅनिमे झाला आणि 2021 मध्ये अकराव्या खंडावर संपली. मी इंग्रजीतून वाचली. नारुमी नव्या नोकरीवर रुजू होते, तिथे तिला शाळेतला मित्र हिरोताका भेटतो. ती मुलगे-मुलगे प्रेमकथांची चाहती आणि ते लपवणारी, तो गेमर आणि काहीच न लपवणारा. आधीच्या मित्राने ओताकू आहे कळल्यावर सोडलं म्हणून ती रडगाणं गाते, तेव्हा हिरोताका म्हणतो, मग माझ्याबरोबर राहा की. गेममध्ये तुला मदत करेन, कोमिकेतला तुझ्या टेबलावर बसेन. कोमिकेत म्हणजे टोकियोच्या बिग साइटमध्ये ऑगस्टात आणि डिसेंबरअखेर भरणारी चाहत्यांनी स्वतः छापलेल्या कॉमिक्सची जत्रा.

मागणी म्हणून मला हे भारी गोड वाटलं. समुपदेशक म्हणून मात्र पेन उचललं. हा करार झाला. यात "तू मला आवडतेस" कुठे आहे?

मी तिला एक गंमत म्हणून काम दिलं. गेल्या पंधरा दिवसांतले दोघांचे मेसेज वाच आणि गेम, कॉमिक, बिल्ले सोडून जे आहे ते वहीत उतरव. पुढच्या रविवारी तिने वही कॅमेऱ्यासमोर धरली. पानावर तीन ओळी. पाऊस आहे. ट्रेन लेट आहे. आणि एका मंगळवारी तिने लिहिलेलं, "आज जरा दमलेय." त्यावर त्याचं उत्तर: "मग इव्हेंट उद्या खेळू."

"मंगळवारी का दमली होतीस?"

ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "बाबांची अँजिओप्लास्टी होती."

रात्री भावाचा फोन आला, सगळं नीट झालं म्हणाला. ती बाथरूममध्ये जाऊन रडली, तोंड धुतलं आणि दुसऱ्या दिवशी दोन तास त्याच्याशी गेमच्या नव्या पात्राच्या ताकदीवर बोलली. त्याला आजतागायत माहीत नव्हतं की तिचे बाबा आजारी आहेत. मी वहीत तेव्हा एवढंच लिहिलं: वेड सांगितलं, बाबा राहिले. तिला वाटत होतं की त्याच्यापासून तिने काही लपवलेलं नाही, कारण लपवायची एकमेव गोष्ट त्याला पहिल्याच दिवशी दिसली होती. इतर जोडपी ज्या दारात महिनोन्‌महिने अडतात ते दार यांना आयतं उघडं मिळालं, आणि दोघं उंबऱ्यातच बसून राहिले, आत गप्पा भरपूर आहेत असं समजून.

तिने स्वतःहून एक उपाय काढला. मांगामध्ये नारुमी आणि हिरोताका एकदा फिरायला जाताना ठरवतात की आज ओताकू विषय काढायचा नाही, काढला की दंड. "आम्ही पण करू?" मला फारसं पटलं नव्हतं, पण थांबवलं नाही. रविवारी योकोहामाला गेले. तिचा वृत्तांत: "हवामान, जेवण, हवामान. परत येताना त्याने कानात हेडफोन घातले." मांगामध्येही त्या दोघांचं तसंच अवघडतं, ते तिला आठवलं नव्हतं. माणसाची जीभ ज्या विषयावर सैल होते तोच काढून घेतला तर उरतं काय?

म्हणून उलटं केलं. विषय टाळू नकोस. गेम चालू असतानाच, हातात कंट्रोलर असतानाच, एक वाक्य दुसरं बोल. डोळ्यांत डोळे घालायची गरज नाही. आपल्याकडे तरी किती बाप-लेक स्कूटरवर, एकमेकांच्या पाठीकडे बघत महत्त्वाचं बोलतात.

ती बोलली. जपानीत 'अँजिओप्लास्टी' काय म्हणायचं ते आधी शोधून ठेवलं होतं. त्याने मान वळवली नाही. गेम पॉज केला, पडद्यावरचं पात्र अर्ध्या उडीत लटकत राहिलं. मग विचारलं, "पुण्यात आता किती वाजले? फोन करतेस का? मी बाहेर थांबतो."

हे सांगताना ती रडत होती आणि हसतही होती. मला वाटतं, त्या दिवशी आमचं निम्मं काम झालं.

उरलेलं काम कोरडं, पण तेही करावंच लागतं. मांगामध्ये चार जण एकाच ऑफिसात, दोन जोडपी, आणि एचआर कुठे दिसत नाही. विनोदी कथेला ते चालतं. तिची भीती खरी होती: नातं तुटलं आणि तिथे राहणं असह्य झालं तर? तिच्या प्रकारच्या व्हिसावर नोकरी सुटल्यावर 14 दिवसांत इमिग्रेशनला कळवावं लागतं, आणि सबळ कारणाशिवाय तीन महिने तसं काम न करता राहिलं तर परवाना रद्द होऊ शकतो. पुण्यातली मैत्रीण म्हणेल "सोड नोकरी", हिला ते इतकं सोपं नाही. म्हणून मी तिला तीन गोष्टी तपासायला लावल्या: कंपनीच्या नियमावलीत याबद्दल काही आहे का, दोघांपैकी कुणाच्या हातात दुसऱ्याचं मूल्यमापन आहे का, आणि वेळ आलीच तर दुसरी नोकरी शोधेपर्यंत किती महिने पुरतील इतके पैसे आहेत. नियम नव्हता, मूल्यमापन वेगळं होतं, पैसे पाच महिन्यांचे. तेवढ्याने तिचे खांदे जे खाली आले ते मला कॅमेऱ्यातूनही दिसले. ऑफिसातली ओळख तिकडे काही नवलाची नाही. 2021च्या राष्ट्रीय पाहणीत नव्याने लग्न झालेल्या साधारण पाचातल्या एका जोडप्याची भेट कामाच्या निमित्ताने झालेली होती.

ऑफिसात मात्र तिने काही सांगितलं नाही, आणि मी सांग म्हटलंही नाही. बिल्ले अजून अस्तरालाच आहेत. ते कुणाला दाखवायचे हा तिचा हक्क. फक्त आता भिंतीकडे वळत नाही म्हणाली.

कोकुहाकु अजून झालेलं नाही. तो काही बोलत नाही म्हणून आपणच बोलायचं असं तिने ठरवलं आहे, जपानीत पाठही केलंय, पण वाक्याच्या शेवटी क्रियापद येतं तिथे दरवेळी अडखळते, असं तिचं म्हणणं. डिसेंबरअखेरची आमची भेट तिनेच पुढे ढकलली. मेसेज होता: "ताई, त्या दिवशी बिग साइटच्या रांगेत असू, दोघंही. आणि आई विचारतेय की फोनवर मागून जपानीत बोलणारा कोण आहे. तिला काय सांगू?"

मी लिहिलं, "आधी त्याला विचार, मग आईला सांग." अजून निळी खूण आलेली नाही.