एसटीएलमध्ये मराठी कॅप्शन 'एक' आलं की का तुटतात

तुमची पोस्ट वाचून हसावं की रडावं कळेना. म्हणे एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये सगळं नीट दिसतंय, पण चॅनेलला एसटीएल (सबटायटलची फाइल) पाठवली की काही कॅप्शन अर्ध्यात तुटतात, काही उगाच दोन ओळींत फुटतात, आणि वरून मेल येतो 'फाइल स्पेकप्रमाणे (ठरवून दिलेल्या तांत्रिक नियमांप्रमाणे) नाही'. डिट्टो माझं. फॉन्ट बदलणं, फ्रेम रेट तपासणं, पुन्हा एक्सपोर्ट करणं हे तुम्ही करून बसलाच असाल, त्यात शिरत नाही.

तुटलेल्या कॅप्शन नुसत्या ओळीने वाचून काढा आणि नेमक्या कुठल्या अक्षरापाशी तुटतात ते बघा. मी पैज लावते, 'एक', 'एवढं', 'एकदम' यातल्या 'ए'पाशी. आणि ज्या फुटल्यात त्यात 'भाऊ', 'येऊ', 'जाऊ' असणार. तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये 'जाऊ दे'चं 'दे' खालच्या ओळीत गेलंय आणि 'जा'पुढे चौकोन आलाय ना, तेच ते.

ईबीयू (युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन) एसटीएल हे १९९१ चं युरोपियन स्पेक, टेक ३२६४. त्यात अक्षरांचे तक्ते (कोड टेबल) पाचच: लॅटिन, आणि लॅटिनसोबत सिरिलिक, अरबी, ग्रीक, हिब्रू. देवनागरीला जागाच नाही. मग काही सॉफ्टवेअर जुगाड करतात, त्याच चौकटीत गुपचूप यूटीएफ-८ (सगळ्या लिपी साठवायची पद्धत) कोंबतात. यूटीएफ-८ मध्ये आपल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट (फाइलमधले छोटे आकडी कोड) लागतात, आणि 'ए'चा शेवटचा बाइट हेक्स पद्धतीत लिहिला तर निघतो ८एफ. एसटीएलच्या हिशेबात ८एफ म्हणजे 'पुढे रिकामं', झालं, मशीन तिथेच थांबतं. 'ऊ'चा शेवट ८ए, म्हणजे नवीन ओळ. दीर्घ वेलांटीचा शेवट ८०, म्हणजे इटॅलिक सुरू! शिवाय फाइलच्या एका ब्लॉकमध्ये (तुकड्यात) मजकुराला ११२ बाइट, म्हणजे जेमतेम ३७ देवनागरी चिन्हं, त्यापुढचं जोडब्लॉकमध्ये जातं आणि एखादं अक्षर मधोमध चिरलं जातं. ज्या सॉफ्टवेअरने फाइल बनवली त्यात ती छानच उघडते, म्हणून आपल्याला वाटतं चॅनेलवाले उगाच छळतायत.

बरं, छळतातच म्हणा. मला सगळ्यात महाग पडलं ते एका चॅनेलचं क्यूसी, म्हणजे फाइल तपासणारं, डिपार्टमेंट (नाव घेत नाही, पेमेंट अजून यायचंय). कितीही विचारा, एकच उत्तर, 'प्लीज रिफर स्पेक'. आणि स्पेक कसलं, तर बाहेरच्या कुणाचं तरी उचललेलं पीडीएफ, त्यात टेलिटेक्स्टचं (टीव्हीवरच्या जुन्या मजकूर-पानांचं) पान ८८८ असंसुद्धा लिहिलेलं, म्हणजे ब्रिटनमधल्या सबटायटलचा पान नंबर! मराठी कॅप्शनसाठी कोड टेबल कुठलं टाकू असं मी लेखी विचारलं तर उत्तर आलं, 'ॲज ॲप्लिकेबल'. फोनवर इंजिनियरशी बोलू द्या म्हटलं तर तशी पद्धत नाही म्हणे. पुढे एमसीआरमधल्या (प्रसारणाच्या कंट्रोल रूममधल्या) एका मुलाशी ओळखीतून बोलणं झालं तेव्हा कळलं की त्यांचं प्लेआउट (कार्यक्रम हवेत सोडणारी सिस्टिम) एक्सएमएल फाइल आरामात घेतं, एसटीएलची अट त्या पीडीएफपुरतीच. तोवर माझा पूर्ण सीझनचा नफा रिवर्कमध्ये गेला होता.

तर माझं मत, चुकत असेल तर सांगा: मराठीसाठी एसटीएल दुरुस्त करत बसूच नका. इंग्रजी सबटायटल मागितले तर खुशाल द्या, तिथे ते उत्तम चालतं. मराठीला ईबीयू-टीटी किंवा साधं टीटीएमएल (दोन्ही एक्सएमएलमधलेच सबटायटल फॉरमॅट), ते चालत नसेल तर पीएनजी इमेज आणि टायमिंग. डीव्हीबी, म्हणजे डिजिटल टीव्हीचे, सबटायटल तसेही चित्र म्हणूनच प्रसारित होतात, जोडाक्षरं आपल्याकडेच नीट उमटवून दिलेली बरी. २०१९ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने श्रवणदोष असलेल्यांसाठी टीव्हीची स्टँडर्ड आणली, म्हणून कागदोपत्री सगळ्यांना कॅप्शन हवेत, पण देवनागरी चालते का हे स्वतःच्या मशीनवर बघायला कुणाला वेळ नाही.

जाता जाता दोन गोष्टी. ओळीला ४२ अक्षरांची मर्यादा दिली असेल तर मोजतात कसं ते विचारा, 'स्वातंत्र्य' आपल्याला तीन अक्षरं दिसतात, सॉफ्टवेअर अकरा मोजतं. आणि फाइल 'क्लीन' करणारी स्क्रिप्ट वापरू नका, जुन्या पद्धतीने टाइप केलं असेल तर ती अदृश्य जॉइनर (अक्षरं जोडणारं न दिसणारं चिन्ह) उडवते आणि 'दऱ्या'चं 'दर्या' होतं.

मी इंजिनियर नाही हां, कॅप्शनवर पोट असलेली बाई आहे, आणि लाइव्ह कॅप्शनिंगमधलं मला ओ की ठो कळत नाही. तुमच्या चॅनेलची सिस्टिम वेगळीही असेल. म्हणून आज मेल टाका, क्यूसीबरोबर प्रॉडक्शनवाल्यांनाही सीसी करून: 'टेक ३२६४ मध्ये देवनागरीचं कोड टेबल नाही, तुमचं प्लेआउट टीटीएमएल घेतं की इमेज, लेखी कळवा.' उत्तर आलं की इथे टाका, नाव खोडून.