वकिली करून सहा वर्षं झाली, समाधान नाही, सोडून द्यावी का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळून सहा वर्षं झाली, अजून सिनियरच्याच ऑफिसला आहात, हातात कधी दहा कधी बारा हजार आणि तेही मागितल्यावर, घरचे म्हणतात अजून वय आहे एमपीएससी दे, आणि तुम्ही विचारताय की बाकीच्या वकिलांना पण असं सोडून जावंसं वाटतं का, आणि सोडावं का.

वाटतं. मी सोलापूरच्या जिल्हा कोर्टात २०११ पासून आहे आणि मी नुसतं वाटून थांबले नाही, सहाव्याच वर्षी खरंच सोडून गेले होते, दोन वर्षांनी परत आले. म्हणून दोन्हीकडचं सांगते.

२०१७ ला माझं अगदी तुमच्यासारखंच चालू होतं. सकाळी साडेदहाला बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी, बघायची, सिनियरची पंधरा-वीस मॅटर, पाच-सहा कोर्टांत पळायचं, पुकारा झाला की उभं राहून "सर दुसऱ्या कोर्टात आहेत साहेब" म्हणायचं, मुदतीचा अर्ज द्यायचा, तारीख घ्यायची, बाहेर आलं की पक्षकार विचारणार "मॅडम, काय झालं ओ?" आणि सांगायचं काय तर पुढची तारीख. संध्याकाळी परत ऑफिसला, डायरीत तारखा उतरवणं, नोटिसा, कैफियती, नऊ-साडेनऊला घर. त्यात बघायला येणारे विचारायचे लग्नानंतर वकिली चालू ठेवणार का, आणि महिन्याला मिळतं किती हे मला कुणाला सांगवायचं नाही.

मग पुण्याला एका फायनान्स कंपनीच्या लीगल डिपार्टमेंटला लागले. पूर्णवेळ पगारी नोकरी आणि चालू सनद एकत्र चालत नाही, बार कौन्सिलचा नियम ४९ आहे, म्हणून सनद सस्पेंड करायचा अर्ज दिला आणि गेले. पगार ३२ हजार. पगाराला मी कधीच नावं ठेवणार नाही. एक तारखेला मोबाईल वाजायचा आणि पैसे आलेले असायचे, कुणाला आठवण करायची नाही, कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही. तिसऱ्या महिन्यात आईला फ्रिज घेऊन दिला, सहा वर्षांच्या वकिलीत ते जमलं नव्हतं. जे लोक म्हणतात वकिलीत पैशाचं बघू नये त्यांच्या घरी बहुतेक वेळा दुसरा कोणीतरी कमावता असतो, हे मी आता खात्रीने सांगते.

काम काय होतं तर चेक बाउन्स. कलम १३८. बँकेचा मेमो आला की ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर १५ दिवस थांबायचं, पैसे आले नाहीत की महिन्याच्या आत फिर्याद. शेकड्याने नोटिसा, मजकूर तोच, नाव आणि रक्कम बदलायची. काम रोज संपायचं, टेबल साफ व्हायचं, पण समोर माणूसच नसायचा. एकदा यादीत ओळीने सात-आठ पत्ते सोलापूरजवळच्या कुंभारीच्या विडी कामगारांच्या वसाहतीतले आले. मी त्या गल्ल्यांत गेलेली होते, माझी एक पक्षकार तिथेच राहायची, पोटगीची केस होती तिची. नोटिसा काढल्या, कामच होतं, पण त्या दिवशी डबा तसाच परत आणला. पुढे वर्षभर त्याच कंपनीत होते, मात्र मन तेव्हाच उठलं होतं.

२०१९ ला परत आले, सनद चालू करून घेतली. यायच्या आधी एक काम केलं, ते तुम्ही पण करा, म्हणून एवढं सगळं सांगतेय. जुनी डायरी काढली आणि एक महिना मोजला. किती तारखांना मी हजर होते आणि त्यातल्या किती तारखांना खरंच काही घडलं, म्हणजे सरतपास, उलटतपास, युक्तिवाद, आदेश, तडजोड, काहीही. ११२ तारखा होत्या. घडलं होतं ९ वेळा. आणि त्या ९ पैकी माझ्या स्वतःच्या वकीलपत्राचं, म्हणजे पक्षकाराने मलाच वकील नेमलेलं, एकच मॅटर होतं.

ते बघितल्यावर मला कळलं की मी वकिलीला कंटाळले म्हणत होते पण वकिली अशी मी केलीच नव्हती, मी सहा वर्षं तारखा घेत होते. समाधान मिळणार कुठून, जे काम आपलं नाही आणि जे संपत पण नाही त्यातून?

न संपण्यात आपला दोष थोडा असतो, बाकी सगळी व्यवस्थाच तशी आहे. देशातल्या जिल्हा-तालुका कोर्टांत मिळून ४ कोटींच्या वर केसेस पडून आहेत. समन्स बजावलं गेलं नाही, रेकॉर्ड आलं नाही, साहेब रजेवर, समोरच्या वकिलाची मुदत. आपल्याकडचा शेतजमिनीचा वाटपाचा दावा घ्या. प्राथमिक हुकूमनामा, म्हणजे कुणाचा किती हिस्सा हे ठरवणारा आदेश, व्हायलाच वर्षं जातात, मग दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे कागद कलेक्टरकडे, तिथून तहसीलला, तिथून मोजणीला, मोजणीवर हरकत, मधेच एखादा वादी वारला की वारस रेकॉर्डवर घ्या. बार्शी, मोहोळ, मंगळवेढा कुठेही जा, आजोबांनी लावलेला दावा नातू चालवतोय असं दिसेल. असल्या पाच-पन्नास फायलींवर ज्युनियरने सहा वर्षं काढली तर तो खचणारच, त्यात त्याची लायकी काढायची गरज नाही.

परत यायचं ठरवत होते तेव्हा अमेरिकेतल्या एका अभ्यासाबद्दल वाचलं होतं, २०१५ ला आलेला, चार राज्यांतल्या सहा हजारांहून जास्त वकिलांना विचारलं होतं. त्यात निघालं की वकील खूश आहे की नाही याचा संबंध पगार, मार्क, मोठी फर्म यांच्याशी फार कमी आहे, आणि कामात स्वतःचं चालतं का, माणसांशी नातं जुळतं का, हे काम मला मनापासून पटतं का, याच्याशी खूप जास्त आहे. सरकारी आणि लोकसेवेच्या कामातले कमी पगारवाले वकील मोठ्या फर्मच्या वकिलांपेक्षा जास्त समाधानी निघाले. मला ते पटलं, पण अर्धंच. कारण त्यांचे कमी पगारवाले म्हणजे पगारवालेच होते ना, दर महिन्याला ठरलेला मिळणारे. आपल्या ज्युनियरला तेवढंही नाही. म्हणून कोणी तुम्हाला असं काही दाखवून म्हणालं की बघ पैसा महत्त्वाचा नाही, तर ऐकू नका, आधी भाडं आणि पेट्रोल निघायला पाहिजे, मग मनापासून पटणं वगैरे.

त्यामुळे आधी पैशाचंच. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढलंय, ज्युनियरला शहरात महिन्याला किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत असं. शिफारस आहे, सक्ती नाही, सिनियर हसेल कदाचित. तरी विषय काढा. पैसे वाढवून देत नसतील तर निदान दुपारी तीननंतरचा वेळ स्वतःच्या केसेससाठी मागा आणि स्वतःच्या नावावर वकीलपत्र घेणं सुरू करा. सहा वर्षांनंतर हे मागण्यात कसला उद्धटपणा नाही.

आणि सुरुवातीला अशी कामं घ्या जी संपतात. जामीन संपतो, इकडे किंवा तिकडे. संमतीचा घटस्फोट संपतो. १३८ मध्ये तडजोड होते. अपघाताचे क्लेम वेळ घेतात पण एक दिवस त्या घरात पैसे येतात आणि ते बघायला मिळतं. मी परत आल्यावर पहिली दोन वर्षं जवळपास हेच केलं, त्यात लॉकडाऊन आला, कोर्टं बंद, तेव्हा आईच्या पेन्शनवर घर चाललं, ते दिवस मला परत नकोत. पण २०२१ नंतर फायली बंद व्हायला लागल्या तसं सकाळी गाडी लावताना पोटात जो गोळा यायचा तो गेला, कधी गेला ते कळलं पण नाही.

दरमहा ठरलेली रक्कमच पाहिजे पण कोर्ट सोडायचं नाही असं असेल तर नालसाची, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची, लीगल एड डिफेन्स कौन्सिल योजना बघा, २०२२ पासून आहे. आरोपींची मोफत बाजू मांडायची, पूर्णवेळ काम, मानधन ठरलेलं, मात्र खासगी केसेस घेता येत नाहीत. पदाप्रमाणे अनुभवाची अट वेगळी आहे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची जाहिरात नीट वाचा. घरचे एमपीएससी म्हणतात ते दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तरबद्दल असेल तर त्यांचं अगदीच चुकीचं नाही, मे २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने तीन वर्षं वकिलीची अट परत आलीय, तुमची सहा झाली, म्हणजे ही वर्षं वाया गेली असं समजू नका.

अजून दोन गोष्टी आत्ताच्या काळात तुमच्या बाजूने आहेत. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले, खुनाचं ३०२ चं १०३ झालं, फसवणुकीचं ४२० चं ३१८, पोटगीचं १२५ आता १४४, आणि चाळीस वर्षं झालेल्या सिनियरला पण कलम शोधायला पान उलटावं लागतं. जो आत्ता बसून नवी संहिता नीट वाचेल तो पुढे जाईल, हे मी बार रूममध्ये रोज बघते. दुसरं म्हणजे मुंबई हायकोर्टाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच, १८ ऑगस्ट २०२५ ला सुरू झालं, सोलापूर त्यात आहे. आधी हायकोर्ट म्हटलं की रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडायची, मुंबईला उतरायचं, तिथल्या वकिलाला फाईल द्यायची आणि आपण मागे उभं राहायचं. आता पहाटे निघून आपणच अपील चालवून रात्री घरी येता येतं. मी स्वतः तिथे पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा माझे हात थरथरत होते, आणि तेरा-चौदा वर्षांत असं छान बऱ्याच दिवसांनी वाटलं होतं.

एवढं करून पण नको वाटलं तर जा. माझ्या बरोबरीच्या दोघी गेल्या, एक शाळेत शिकवते, एकीने भावाबरोबर टॉवेलच्या एक्स्पोर्टचं काम घेतलं, दोघी बऱ्या आहेत आणि मला त्यांचं कधी वाईट वाटलं नाही. झोप उडाली असेल, पक्षकाराचा फोन बघून धडधडत असेल, जेवण जात नसेल तर डायरी मोजत बसू नका, आधी डॉक्टरकडे जा किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि नोकरी धरलीत तर सनद चालू ठेवून लपवून करू नका, सस्पेंड करून जा, परत यायला दार उघडं राहतं.

फक्त जाताना फायली नीट देऊन जा. हे मी केलं नाही. कुंभारीची ती जी बाई सांगितली, तिला मी अक्का म्हणायचे, तेलुगू घरातली, विड्या वळून दोन पोरं वाढवली, तिला २,५०० रुपये महिना पोटगी मंजूर झालेली आणि नवरा देत नव्हता म्हणून वसुलीचा अर्ज मी २०१७ च्या सुरुवातीला टाकला होता. पुण्याला जाताना फाईल ऑफिसमधल्या एका ज्युनियरच्या हातात दिली, "बघ रे एवढं" म्हणाले आणि गेले. अक्काला मी फोन केला नाही, नवीन नंबर दिला नाही, वकीलपत्र रीतसर काढून घेतलं नाही. ती दोन तारखांना येऊन कोर्टाच्या पायरीवर बसून गेली, तिला वाटलं मॅडम आत आहेत. तिसऱ्या तारखेला मजुरी बुडते म्हणून आली नाही आणि त्या तारखेला अर्ज गैरहजेरीत निकाली निघाला.

परत आल्यावर मी तिला शोधत गेले. थकलेल्या पोटगीसाठी वॉरंट मागायचं तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज पाहिजे, त्यामुळे नव्या अर्जात मागच्या बारा महिन्यांचेच पैसे आले. जुना अर्ज परत उभा करायचा प्रयत्न केला, नाही झाला. जवळपास अडीच वर्षांचे, म्हणजे सत्तर-पंच्याहत्तर हजार रुपये तिचे गेले, ते माझ्यामुळे. नव्या अर्जावर वॉरंट निघालं तेव्हा नवरा भरायला लागला, आणि ती दर महिन्याची पावती जपून ठेवते, विडीला बांधतात त्याच दोऱ्याने गड्डी बांधून आणते आणि माझ्या टेबलावर ठेवते, मॅडम मोजून बघा म्हणते. मी मोजते.

म्हणून तुमचं ठरलं की जेवढी वकीलपत्रं तुमच्या नावावर आहेत त्या प्रत्येक पक्षकाराला स्वतः फोन करा, लेखी नोटीस द्या, पुढची तारीख कागदावर लिहून द्या, न झालेल्या कामाची फी परत करा, फाईल हातात देऊन सही घ्या, कोर्टाची परवानगी घेऊन वकीलपत्र काढा. महिना-दीड महिना जाईल त्यात. नोकरीवाल्यांना तेवढी मुदत आधीच सांगून ठेवा.