रेशनवर धान्य फुकट मिळत असताना कुपोषण का उरते, आणि दिवाळीच्या किटचा उपयोग किती?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. तांदूळ-गहू रेशनवर फुकट मिळतो, अंगणवाडीत आहार मिळतो, तरी महाराष्ट्रात कुपोषण का राहते, ही पहिली. आपला गट दरवर्षी दिवाळीत पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर तांदूळ, पीठ, साखर आणि फराळाचा सहाशे रुपयांचा किट वाटतो, त्याचा उपयोग होतो का, ही दुसरी. मी आहारतज्ज्ञ आहे आणि त्याच डोंगरपट्ट्यात कुपोषित मुलांच्या उपचार केंद्रात बरीच वर्षे काम केले आहे, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी आणि स्पष्ट देते: त्या पाड्यांवर तांदळाची गरज वर्षात सर्वांत कमी कधी असेल, तर ती दिवाळीत असते.

त्या सुमारास भात कापून झालेला असतो, नाचणी आणि वरई घरात आलेली किंवा यायच्या बेतात असते. दिवाळी उरकली की अनेक कुटुंबे भिवंडी, वसई, कल्याणच्या बाजूला वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात आणि शिमग्याच्या सुमारास परततात. कणगीतले धान्य उन्हाळ्यात सरत जाते आणि खरी ओढाताण लागते ती आषाढ-श्रावणात, जेव्हा मजुरीचा पैसा बी-बियाण्यात गेलेला असतो, बायका दिवसभर आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, चिखलात असतात आणि घरात लहान मुलाला भरवायला जेमतेम सहा-सात वर्षांची बहीण असते. रानभाज्या आणि खेकडे याच दिवसांत मिळतात आणि ते मोठ्यांना तारतात, पण वर्षाच्या मुलाला त्यांचा उपयोग थोडाच. त्यातच जुलाब सुरू होतात. मुलाचे वजन जून ते सप्टेंबरमध्ये घटते, आणि नेमक्या त्याच महिन्यांत आई त्याला घेऊन चौदा दिवस उपचार केंद्रात राहायला तयार नसते. तिथे राहिल्यास बुडीत मजुरी मिळते हे तिला ठाऊक असते, पण आवणी टळली तर पुढच्या वर्षाचा भात टळतो, हेही तिला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते.

आता पहिला प्रश्न. रेशनला मी कमी लेखत नाही. 1992 मध्ये याच जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीत शंभराहून अधिक मुले दगावली होती. तशी सरसकट उपासमार आता दिसत नाही आणि त्याचे बरेचसे श्रेय स्वस्त धान्य दुकानालाच द्यावे लागेल. मात्र हे धान्य किती असते, ते एकदा मोजून पाहावे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा 2013 मध्ये झाला. त्यानुसार प्राधान्य कुटुंबातील, म्हणजे ठरलेल्या उत्पन्नमर्यादेखालच्या घरातील, प्रत्येक माणसाला महिन्याला 5 किलो धान्य मिळते आणि जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. पाच किलो म्हणजे रोजचे सुमारे 165 ग्रॅम, आणि त्यातून मिळतात 575 च्या आसपास उष्मांक. आवणी करणाऱ्या बाईची गरज दोन हजारांच्या वर असते. उरलेले सगळे तिने विकत घ्यायचे किंवा रानातून आणायचे. अंत्योदय कार्डावर कुटुंबाला सरसकट 35 किलो मिळतात, त्यामुळे आठ-नऊ माणसांच्या घरात सर्वांत गरीब म्हणून नोंदलेल्या माणसाच्या वाट्याला प्राधान्य कार्डावरच्या माणसापेक्षा कमी धान्य येते. हा विरोधाभास गावात सगळ्यांना माहीत असतो आणि त्यावर कोणी फारसे बोलत नाही.

यादीचा प्रश्न वेगळाच. राज्याला सुमारे 7 कोटी लाभार्थ्यांचा कोटा आहे आणि तो 2011 च्या जनगणनेवर बेतलेला आहे. प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा शहरात 59 हजार आणि ग्रामीण भागात 44 हजार रुपये ठरवली गेली, म्हणजे शहरातसुद्धा महिन्याला पाच हजार रुपये मिळवणारे कुटुंब नियमाने बाहेर पडते. शिवाय नवी सून माहेरच्या कार्डावरून कमी झालेली असते पण सासरच्या कार्डावर चढलेली नसते, आणि बाळाचे नाव चढायला ते चालू लागेपर्यंत वेळ जातो. नेमकी ज्या दोघांना अन्नाची सर्वाधिक गरज, तीच दोघे कागदावर नसतात.

तरीही समजा, प्रत्येकाचे नाव चढले आणि धान्य पूर्ण मिळाले, तरी कुपोषण संपणार नाही, कारण लहान मुलाची अडचण धान्याच्या पुढे सुरू होते. पाड्यावर वर्षाच्या मुलाला सकाळी पेज पाजतात. वाटीभर पेजेत शिते दोन चमचे, बाकी कोमट पाणी आणि मीठ. मुलाचे पोट लहान, ते एवढ्याने भरते आणि मूल शांत होते, म्हणून आईला वाटते की त्याचे जेवण झाले. त्याच वाटीत डाळभात घट्ट कुस्करून वर चमचाभर तेल घातले, तर उष्मांक दुपटीहून अधिक होतात आणि डाळीमुळे प्रथिनेही मिळतात. परंतु त्यासाठी डाळ आणि तेल घरात हवे, आणि दिवसातून चार-पाच वेळा भरवायला मोठे माणूस हवे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे महाराष्ट्राचे आकडे या दृष्टीने वाचावेत. 2015-16 च्या फेरीत पाच वर्षांखालील 34.4 टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती. 2019-21 च्या फेरीत हे प्रमाण 35.2 टक्के निघाले. उंचीच्या मानाने कृश असलेली मुले दोन्ही वेळा 25.6 टक्केच होती, आणि त्यातली तीव्र कृश मुले 9.4 वरून 10.9 टक्क्यांवर गेली. रक्तक्षय तर उघडच वाढला: मुलांमध्ये 53.8 वरून 68.9 टक्के, स्त्रियांमध्ये 48 वरून 54.2 टक्के. सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आणि पुरेशा प्रकारचा आहार मिळणारी मुले राज्यात जेमतेम 9 टक्के होती. हे फक्त मेळघाटाचे किंवा पालघरचे चित्र नव्हे. यात पुणे आहे, कोल्हापूर आहे, आपली-माझी सोसायटीही आहे.

पुण्याचे नाव घेतले आहे तर तिथल्या एका अभ्यासाविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण आहार आणि आजार यांचा संबंध मला त्यातून जितका नीट कळला तितका पाठ्यपुस्तकातून कळला नव्हता. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील स्त्रियांची गर्भारपणाच्या आधीपासून नोंद ठेवली. या शेतकरी बायकांचे वजन सरासरी 42 किलोच्या आसपास होते आणि त्यांच्या बाळांचे सुमारे 2.7 किलो, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील बाळांचे सुमारे 3.5 किलो. गावातल्या बाळांचे स्नायू कमी होते, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला काटकुळी आणि आतून चरबीकडे झुकलेली अशी ही मुले पुढे भरपूर खायला मिळू लागले की मधुमेहाच्या वाटेला लवकर लागतात. म्हणूनच ज्यांच्या आज्या उपाशी राहिल्या, त्या घरांत आज चाळिशीतच मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेल्या दिसतात. कुपोषण गरिबांचे आणि मधुमेह श्रीमंतांचा, अशी वाटणी करून बोलणारे अजूनही भेटतात. त्यांनी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात एक सकाळ बसून पाहावे.

त्या अभ्यासातली दुसरी गोष्ट आपल्या किटशी थेट संबंधित आहे. बाळाच्या वाढीचा संबंध आईने एकूण किती उष्मांक खाल्ले याच्याशी फारसा दिसला नाही. तो दिसला आई दूध, पालेभाजी आणि फळे किती वेळा खाते याच्याशी. बहुसंख्य स्त्रियांच्या रक्तात बी-12 जीवनसत्त्व कमी होते, आणि हे जीवनसत्त्व तांदळात, गव्हात किंवा भाजीत नसते. ते दूध, अंडी, मासे आणि मांसातूनच मिळते. पुढे मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये 2006 पासून साडेसहा हजारांहून अधिक स्त्रियांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना रोज पालेभाजी, फळे आणि दूध घातलेला समोशासारखा खाऊ दिला, बाकीच्यांना कांदा-बटाट्यासारख्या भाज्यांचा. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष मी कोणालाही फुगवून सांगत नाही: एकूण गटात जन्मवजनात ठळक फरक पडला नाही. ज्यांनी गर्भ राहण्यापूर्वी किमान तीन महिने खाऊ खायला सुरुवात केली होती, त्यांच्या बाळांचे वजन सुमारे 48 ग्रॅम अधिक भरले. परंतु गर्भारपणातील मधुमेहाचे प्रमाण 12.4 टक्क्यांऐवजी 7.3 टक्के राहिले, आणि हा फरक लहान नाही.

सरकारी योजना या दिशेने आल्याच नाहीत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. 2005 मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झाले आणि त्याने पहिल्या हजार दिवसांवर, म्हणजे गर्भ राहिल्यापासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंतच्या काळावर, भर दिला. दोन वर्षांखालील मुलांमधील खुंटलेपण 2005-06 मधल्या 39 टक्क्यांवरून 2012 मध्ये सुमारे 23 टक्क्यांवर आले. 2015 मध्ये आदिवासी भागांत डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आली, ज्यात गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आणि बाळंतपणानंतर सहा महिने स्त्रीला अंगणवाडीत एक चौरस जेवण मिळते, आणि पुढे लहान मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडी किंवा केळी देणे सुरू झाले. माझ्या मते राज्यातील सर्वांत विचारपूर्वक आखलेली योजना हीच आहे, कारण ती शिधा हाती देऊन मोकळी होत नाही, ताट समोर ठेवते. घरी नेलेला शिधा घराचा होतो आणि सुनेचे ताट शेवटी वाढले जाते. अंगणवाडीतसुद्धा मी हे पाहिले आहे: आठव्या महिन्यातली बाई भात-वरण खाते आणि अंडे हळूच पदरात घेते, थोरल्यासाठी. सेविका म्हणते, “बाय, हितंच खा, त्याला मी दुसरं देते.” तिच्या रजिस्टरमध्ये त्या दुसऱ्या अंड्यासाठी रकाना नसतो.

योजना अडते ती पैशाच्या वेळेवर. निधी उशिरा येतो, सेविका गावातल्या दुकानातून उधारीवर माल उचलते, दोन-तीन महिने थकले की दुकानदार हात आखडतो, आणि ताटातून सर्वांत आधी अंडे गायब होते, भात सर्वांत शेवटी. अंगणवाडीतून मिळणाऱ्या घरपोच आहाराच्या पाकिटांबद्दल मी थोडक्यातच लिहीन: चव न रुचल्यामुळे त्यातले पीठ कोंबड्यांपुढे पडलेले मी पाहिले आहे, आणि त्यापेक्षा पूर्वीची सुकडी बरी होती असे आयांकडून ऐकले आहे. शाळेच्या पोषण आहारात 2023 च्या अखेरीस आठवड्यातून एक अंडे देण्याचा निर्णय झाला आणि 2025 च्या सुरुवातीला राज्याने त्याचा निधी थांबवून ते लोकसहभागावर सोडले. हे मला पटलेले नाही. ज्या गावात लोकसहभाग शक्य आहे त्या गावच्या मुलांना अंड्याची गरज मुळात कमी असते.

परंतु आपल्या गटाला जागा सापडते ती इथेच. सहाशे रुपयांच्या किटमध्ये अंदाजे सात रुपयांच्या भावाने ऐंशीहून अधिक अंडी येतात. जून ते सप्टेंबर आठवड्याला चार म्हटले, तर एका मुलाचा अख्खा पावसाळा एका किटच्या पैशात निघतो. तेव्हा वाटप दिवाळीऐवजी आषाढात करा आणि त्यात तूरडाळ किंवा मसूरडाळ, तेल, शेंगदाणे आणि गूळ ठेवा. तांदूळ, साखर आणि फराळ वगळा. अंडी स्वतः गाडीतून नेऊ नका, पावसात घाटात अर्धी फुटतात. जवळच्या बाजारच्या गावातील दुकानदाराकडे आगाऊ पैसे भरा आणि शाळेला किंवा अंगणवाडीला दर आठवड्याला माल जाईल अशी व्यवस्था करा. पाड्यांची संख्या वाढवण्यापेक्षा दोनच पाडे घ्या आणि तिथे लग्न होऊन वर्ष न झालेल्या मुलींना यादीत धरा, कारण त्या अजून गरोदर नसल्याने अमृत आहारात येत नाहीत आणि मुंबईच्या प्रयोगाचा रोख नेमका त्यांच्यावर होता. आपल्या गटात कोणी कचेरीच्या कागदपत्रांना न कंटाळणारे असेल, तर त्यांनी शिधापत्रिकेवर नाव चढवण्याचे अर्ज भरून तहसील कार्यालयात पाठपुरावा करावा; प्राधान्य कार्डावर एका सुनेचे आणि एका बाळाचे नाव चढले तर त्या घराला वर्षाला 120 किलो धान्य हक्काने मिळते, आणि तेवढे आपले किट कधीच देऊ शकणार नाहीत.

सुरुवात करण्यापूर्वी त्या अंगणवाडीच्या सेविकेशी बोला आणि तिला एवढेच विचारा की अमृत आहाराचे पैसे कोणत्या महिन्यापर्यंतचे जमा झाले आहेत आणि दुकानाची उधारी किती आहे. ती उधारी फेडणे हेच कदाचित आपले यंदाचे पहिले काम ठरेल.