नाकाचा पडदा आणि सायनस यांचं ऑपरेशन एकदम केल्यावर रोजच्या जगण्यात खरंच फरक पडतो का?

तुम्हाला सेप्टोप्लास्टी (नाकाचा वाकडा पडदा सरळ करणं) आणि सायनसची दुर्बिणीची शस्त्रक्रिया एकाच वेळी सांगितली आहे, आणि हा नुसताच खर्च तर नाही ना, असं तुम्ही विचारलंय. माझं दोन्ही एकदमच झालं. फरक पडतो. पण पहिल्या आठवड्यात विचारलं असतंत तर मी ‘करू नका’ म्हणालो असतो.

दुखण्याचं एवढं नाही, गोळ्यांनी भागतं. छळतं ते बंद नाक. आत सूज, त्यात पडद्याला आधार म्हणून बसवलेले सिलिकॉनचे स्प्लिंट म्हणजे पातळ पट्ट्या, त्यामुळे रात्रभर तोंडाने श्वास आणि घसा कोरडाठाक. डोकं उंच ठेवून झोपा. नाक शिंकरायचं नाही, शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून द्यायची. स्प्लिंट साधारण आठवड्याने काढतात. तेव्हा जी हवा आत जाते तिच्यावर हुरळून जाऊ नका. नंतर खपल्या धरतात आणि नाक पुन्हा चोंदतं. डॉक्टर त्या दुर्बिणीतून साफ करतात, ते काही सुखाचं नसतं. डॉक्टर सांगतील तेव्हापासून मिठाच्या पाण्याने नाक धुवा, त्यात कंटाळा नको. जलनेतीची सवय असेल तर सोपं जाईल, पण पाणी उकळून कोमट केलेलंच घ्या, थेट नळाचं नको.

सगळ्यात जास्त फरक मला झोपेत जाणवला. सकाळचा डोळ्यांमागचा जडपणा, ते सततचं खाकरणं हळूहळू कमी झालं. घरच्यांच्या ते माझ्याआधी लक्षात आलं! डॉक्टरांकडे यासाठी ‘स्नॉट-२२’ नावाची प्रश्नावली असते: २२ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ५ गुण, त्रास जास्त तर गुण जास्त. त्यात नाक वाहण्याबरोबर झोप, थकवा, चिडचिड, कामातलं लक्ष हेही विचारतात. साधारण ९ गुण उतरले तर पेशंटला फरक जाणवण्याजोगा आहे असं धरतात. ऑपरेशनआधी ती भरून ठेवा, तीनेक महिन्यांनी परत भरा. त्याआधी निकाल लावू नका.

वासाचं मात्र सांगता येत नाही. मला करपलेलं दूध आता कळतं, मोगरा अजून नाकाशी धरावा लागतो.

आणि ॲलर्जी ऑपरेशनने जात नाही. पडदा सरळ होतो, सायनसची तोंडं मोकळी होतात, पण धुळीने सुजणारं अस्तर तेच राहतं. पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढणारे मऊ कोंब, असतील तर ते पुन्हा वाढू शकतात, म्हणून स्टिरॉइडचा स्प्रे बऱ्याच जणांना पुढेही चालू ठेवावा लागतो. तुमच्या नाकात पॉलिप दिसलेत का आणि स्प्रे किती काळ मारायचा, हे दोन्ही तारीख ठरवायच्या आधीच विचारून घ्या.