वाचकांचे प्रश्न: वेबवरची कात्रणं कुठे ठेवावीत?

प्रश्न: मी जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले. अकोले-संगमनेर भागातल्या औषधी वनस्पतींची माहिती जमवते. पूर्वी वर्तमानपत्रातली कात्रणं वहीत चिकटवायचे, आता वाचन लॅपटॉपवर होतं. आवडलेल्या लेखाची लिंक स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवते. परवा हिरड्यावरचा एक लेख उघडायला गेले, तर पानच नाहीसं झालेलं. भाचा म्हणतो, ब्राउझरला एक्स्टेंशन, म्हणजे छोटं जोडसाधन, टाक, सगळा लेख एका क्लिकवर नोंदवहीच्या ॲपमध्ये जातो. खरंच जातो का? आणि कुठलं टाकू?
— एक वाचक, संगमनेर

उत्तर: बाई, जातो. लिंक ठेवली म्हणजे लेख ठेवला असं होत नाही. संकेतस्थळ नव्यानं बांधलं, बंद पडलं, लेख वर्गणीदारांपुरता झाला, की लिंक हातात राहते आणि मजकूर जातो. त्यामुळे मजकूर आपल्या संगणकावर उतरवणारंच साधन निवडा. लेख साठवण्याची सोयसुद्धा दुसऱ्याच्या भरवशावर असली तर काय होतं, ते 'पॉकेट'च्या लाखो वापरणाऱ्यांनी पाहिलं. मोझिलाची ही सेवा ८ जुलै २०२५ ला बंद झाली आणि ज्यानं त्यानं आपली यादी मुदतीत उतरवून घ्यावी, असं सांगण्यात आलं. 'एव्हरनोट' या नोंदवहीच्या ॲपनंही डिसेंबर २०२३ मध्ये फुकट खात्याला ५० नोंदी आणि एक वही अशी मर्यादा घातली. तुमच्या वनस्पती त्यात मावणार नाहीत.

मी स्वतः 'जॉप्लिन' हे नोंदवहीचं ॲप वापरते आणि तुम्हालाही तेच सुचवते. ते मोफत आहे, मुक्तस्रोत आहे (त्याचा कोड कुणालाही पाहता येतो) आणि सगळ्या नोंदी तुमच्याच संगणकावर राहतात. 'ऑब्सिडियन' या तशाच दुसऱ्या ॲपचं क्लिपर, म्हणजे पान उतरवून घेणारं एक्स्टेंशन, हेही उत्तम आहे, मजकूर फार स्वच्छ उतरवतं. पण त्यात चित्रं आपोआप उतरत नाहीत, नोंदीत त्यांचे मूळ पत्ते तेवढे राहतात. ती नंतर वेगळी आज्ञा देऊन उतरवावी लागतात. जॉप्लिन चित्राची प्रत नोंदीबरोबरच ठेवतं. पानाची कड दातेरी आहे की सरळ, हे ज्यांना पाहायचं असतं त्यांच्यासाठी हा फरक मोठा आहे.

आधी जॉप्लिन लॅपटॉपवर बसवा. मग त्याच्या सेटिंगमध्ये 'वेब क्लिपर'चा विभाग उघडून सेवा चालू करा. एक्स्टेंशन टाकायचे दुवेही तिथेच दिलेले असतात, स्टोअरमध्ये जाऊन शोधू नका. सारख्या नावाची भलतीच एक्स्टेंशनं असतात, आणि कुठलंही क्लिपर टाकलं की ते तुम्ही उघडलेली पानं वाचण्याची परवानगी मागतं. ती अनोळखी माणसाला द्यायची नाही. पहिल्यांदा जोडताना जॉप्लिन तुमची संमती विचारेल, ती द्या. क्लिपर थेट तुमच्या लॅपटॉपवरच्या ॲपशी बोलतं, म्हणून क्लिप करताना जॉप्लिन उघडं हवं. बंद असेल तर क्लिपर जोडलं जात नाही आणि लोकांना वाटतं की बिघडलं.

आता मुख्य गोष्ट. चिन्हावर क्लिक केलं की पर्याय येतात: सुटसुटीत पान, संपूर्ण पान, निवडलेला भाग, स्क्रीनशॉट, नुसती लिंक. बहुतेक लोक 'संपूर्ण पान' घेतात आणि मग मेनू, जाहिराती, 'हेही वाचा' असं सगळं नोंदीत येऊन बसतं. लेखासाठी 'सुटसुटीत पान' घ्या. त्याआधी पान खालपर्यंत सरकवा, कारण पुष्कळ ठिकाणी चित्रं तिथवर गेल्याशिवाय उतरतच नाहीत. तक्ता असेल तर क्लिप झाल्यावर नोंद लगेच उघडून पाहा, तक्ते मोडतात. मी जुन्या बारवांची माहिती जमवते, आणि माझ्या बहुतेक नोंदी 'निवडलेला भाग' या पर्यायातल्या आहेत. लांबलचक लेखात शिलालेखाबद्दल दोनच परिच्छेद असतात, तेवढेच निवडते. विश्वकोशातल्या हिरड्याच्या नोंदीतून तुम्हाला फक्त वर्णन आणि उपयोग हवे असतील, तर तेवढेच घ्या. मूळ पत्ता नोंदीच्या माहितीत आपोआप राहतो.

आणि प्रत्येक नोंदीच्या माथ्यावर स्वतःच्या दोन ओळी लिहा, हे मी अगदी आग्रहानं सांगते. 'हिरडा. बाळहिरडा कधी गोळा करतात याची माहिती. गावात विचारून पडताळायचं.' एवढं पुरे. शास्त्रीय नावही देवनागरीत टाका, टर्मिनॅलिया चेब्युला, म्हणजे शोधताना दोन्ही नावांनी सापडेल. या ओळी नसल्या तर शंभर नोंदी झाल्यावर कुठली कशासाठी ठेवली, ते आठवत नाही.

मराठीतली एक अडचण तुम्हाला नक्की येणार. काही जुन्या मराठी संकेतस्थळांवर युनिकोड, म्हणजे सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत, नाही. ब्राउझरमध्ये अक्षरं नीट दिसतात ती त्या स्थळाच्या खास फॉन्टमुळे, आणि क्लिप केलं की नोंदीत रोमन अक्षरांचा कचरा येतो. ई-पेपरचंही तसंच, बऱ्याच ठिकाणी पान म्हणजे नुसतं छायाचित्र असतं. तिथे स्क्रीनशॉट घ्या आणि वनस्पतीचं नाव, गाव, लेखाची तारीख हातानं टंकून ठेवा, नाहीतर शोधात ती नोंद कधीच येणार नाही. शासन निर्णय पीडीएफ असतात. ते क्लिप करण्याच्या भानगडीत पडू नका, फाइल उतरवून नोंदीला जोडा.

स्वतःच्या अभ्यासासाठी असं साठवायला १९५७ चा कॉपीराइट कायदा आडवा येत नाही. अख्खा लेख गटावर टाकणं मात्र वेगळं, तिथे मूळ लिंकच द्या. आणि महिन्यातून एकदा सगळ्या नोंदी निर्यात करून पेनड्राइव्हवर घ्या. लॅपटॉपही बंद पडतो.

प्रश्न: माझ्याकडे संगणक नाही, सगळं अँड्रॉइड फोनवर वाचतो. क्रोममध्ये एक्स्टेंशन टाकायची सोयच सापडत नाही.
— एक वाचक, चिपळूण

उत्तर: अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये ती सोय नाहीच. फायरफॉक्स उतरवा, त्यात फोनवरही एक्स्टेंशन चालतात आणि ऑब्सिडियनचं क्लिपर तिथे मिळतं. जॉप्लिनचं क्लिपर लॅपटॉपवरच्या ॲपशिवाय चालत नाही, म्हणून तुम्हाला ऑब्सिडियनच बरं. फोनवर नुसतं 'शेअर' करून ॲपमध्ये पाठवलं, तर बहुधा शीर्षक आणि पत्ता तेवढाच जातो. एकदा पाठवून, इंटरनेट बंद करून नोंद उघडा. मजकूर दिसला तरच लेख उतरला.