चित्रकादंबरीतले विषारी नाते: मुलांच्या हाती द्यावे का?

प्रश्न: माझी १७ वर्षांची भाची शिक्षणासाठी कोल्हापुरात आमच्याकडे राहते. सध्या ती ‘लॉरा डीन कीप्स ब्रेकिंग अप विथ मी’ ही इंग्रजी चित्रकादंबरी वाचते आहे. मुलीचे मुलीवर प्रेम आहे म्हणून मी बिचकले नाही, परंतु नायिकेला तिची मैत्रीण सतत झुलवत ठेवते. अशा नात्यांत दुःखच असते, असा भाचीचा ग्रह होणार नाही ना?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर: ताई, आपली शंका रास्त आहे. समलिंगी पात्रांच्या वाट्याला साहित्यात फार काळ मृत्यू किंवा एकाकीपण एवढेच येत राहिले. मात्र मारिको तामाकी यांनी लिहिलेली आणि रोझमेरी व्हॅलेरो-ओ’कॉनेल यांनी रेखाटलेली २०१९ सालची ही कादंबरी त्या माळेतली नाही. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमध्ये राहणाऱ्या नायिकेला, फ्रेडीला, तिचे प्रेम नडत नाही, लॉराचे वागणे नडते. मनात आले की जवळ करायचे, कंटाळा आला की सोडायचे आणि काही झालेच नाही अशा थाटात परत यायचे, ही लॉराची रीत आहे, आणि ती कोणत्याही मुलामुलीच्या जोडीतही तितकीच विषारी ठरली असती.

हे पुस्तक मला मोलाचे वाटते ते आणखी एका कारणासाठी. काळ्या, पांढऱ्या आणि करड्या चित्रांत गुलाबी हा एकच रंग वापरलेल्या या पानांवर फ्रेडी केवळ सोसणारी म्हणून येत नाही. लॉराची वाट पाहण्यात ती इतकी गुंतते की तिची जिवाभावाची मैत्रीण डूडल गर्भपातासारख्या अवघड निर्णयाला सामोरी जात असताना फ्रेडीचे तिच्याकडे लक्षच नसते. विषारी नाते दोघांपुरते राहत नाही, भोवतालची मैत्रीही ते पोखरते, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारी कुमारवयीनांसाठीची पुस्तके थोडीच आहेत. शेवटी नाते तोडण्याचा निर्णय फ्रेडी स्वतः घेते, हेही भाचीच्या नजरेतून सुटणार नाही.

तरीही एकाच पुस्तकावर थांबू नये, असे मी सुचवीन. ॲलिस ओसमन यांच्या ‘हार्टस्टॉपर’ या चित्रकादंबरीत बेन हा मुलगा चार्ली या मुलाला चोरून भेटतो, चारचौघांत ओळखही दाखवत नाही आणि त्याने नकार दिल्यावर जबरदस्तीने चुंबन घेतो. पुढे चार्लीच्या आयुष्यात येणाऱ्या निक या मुलालाही आपले प्रेम जगाला सांगायला वेळ लागतो, पण त्या काळात तो चार्लीचा अपमान करत नाही. नाते गुप्त आहे म्हणून ते वाईट ठरत नाही, हा फरक आपल्याकडच्या मुलांना कळणे फार गरजेचे आहे.

कारण कोल्हापुरात हे नाते बहुतेकांना लपवावेच लागते. रंकाळ्यावर हातात हात घालून फिरणाऱ्या दोन मुलींकडे कोणी वळून पाहणार नाही, परंतु त्यांच्यातली एक दुसरीला ‘तुझ्या घरी सांगेन’ असे म्हणाली, तर त्या एका वाक्याच्या धाकाने दुसरी वर्षानुवर्षे गप्प बसू शकते. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले, तरी घरच्यांची भीती त्या निकालाने गेलेली नाही. ही भीती जिथे असते तिथे नाते तोडणे फ्रेडीपेक्षा कितीतरी अवघड असते.

म्हणून आपण पुस्तक काढून घेऊ नका आणि ‘तुझेही असेच काही आहे का?’ असेही विचारू नका. स्वतः पूर्ण वाचा आणि लॉरा परत आल्यावर फ्रेडी दर वेळी का विरघळते, हे तिला विचारा. ती पुस्तकाविषयी बोलेल, कदाचित स्वतःविषयीही. तसे झाले तर ते तिच्या आईवडिलांनाही तिच्या संमतीशिवाय सांगू नका. तिच्या जिवाला धोका जाणवला, तर मात्र एकट्याने निभावू नका, तातडीने डॉक्टरांची मदत घ्या. एरवी तिला बाहेरच्या कोणाशी बोलावेसे वाटले, तर शासनाच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य चालू असतो आणि तिथे मराठीतून बोलता येते.